अंगणातील हरीण आणि त्याचे पथ्य



जेवणापूर्वी काकबळी ठेवणे, उन्हाळ्यात झाडाच्या फांदीला पाण्याचे मडके टांगणे, मळणी झाल्यावर खळ्यातले चार दाणे पाखरांसाठी मागे सोडणे, ह्या चाली मराठी घरांत फार जुन्या आहेत. आपल्या अन्नातील वाटा मुक्या जीवाला द्यावा, हे आपल्याकडे मुलांना निराळे शिकवावे लागत नाही. हीच वृत्ती बरोबर घेऊन गेलेली अनेक मराठी कुटुंबे आज अमेरिकेतील न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांत नांदत आहेत. तेथे घरामागे बहुधा हिरवळीचा तुकडा असतो, पलीकडे झाडी असते, आणि सांजवेळी त्या झाडीतून पांढऱ्या शेपटीची हरणे खुशाल अंगणात उतरतात. हिवाळ्यात भोवती बर्फ साचलेले असताना हा पाहुणा दारी आला, म्हणजे त्याच्यापुढे काही ठेवावे असे कोणाला वाटणार नाही? त्या इच्छेला योग्य वाट कोणती, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

अशा पाहुण्यासाठी तेथील लोक घरच्या घरी एक साधन बनवितात. चार इंच व्यासाचा आणि चार-पाच फूट लांबीचा प्लास्टिकचा नळ घ्यावयाचा. त्याच्या खालच्या तोंडाला, नळवाले ज्याला ‘एल्बो’ म्हणतात तो वाकडा सांधा बसवावयाचा. नळ झाडाला उभा बांधून वरून मका ओतावयाचा आणि वर झाकण घालावयाचे. खालचे दाणे खाल्ले गेले की वरचे आपल्याच भाराने खाली येतात. कृती अल्पखर्चाची व चतुराईची आहे. सुताराच्या दृष्टीने तिच्यात उणे काही नाही. उणे आहे ते हरणाच्या दृष्टीने.

हरीण हा रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटाचे चार कप्पे असतात आणि पहिल्या कप्प्यातील असंख्य सूक्ष्म जीव त्याच्यासाठी अन्न पचवीत असतात. हिवाळ्यात हे प्राणी काटक्या, कळ्या आणि साली ह्यांवर राहतात, आणि पोटातील जीवसृष्टीही त्याच अन्नाला सरावलेली असते. ती बदलण्यास दोन ते चार आठवडे लागतात. अशा वेळी एकाएकी पोटभर मका मिळाला, तर त्यातील पिष्ट भराभर आंबते, लॅक्टिक आम्ल साचते, ते रक्तात भिनते आणि एक ते तीन दिवसांत भरल्या पोटी हरीण मरते. लंघन केलेल्या माणसाला आपल्या घरची वडीलधारी मंडळी प्रथम पेज देतात, पुरणपोळी वाढीत नाहीत. हरणालाही हेच पथ्य लागू आहे. शिवाय निसर्गाने त्याची तरतूद केलेली असते: शरद ऋतूत ते अंगावर चरबी साठविते, आणि थंडीत त्याची भूक व हालचाल दोन्ही मंदावतात.

दुसरे भय रोगाचे. १९६७ साली कोलोरॅडो राज्यातील एका संशोधनकेंद्रात, बंदिस्त ठेवलेल्या म्यूल जातीच्या हरणांत, अंग झिजत जाऊन मृत्यू आणणारा एक विकार दिसून आला. हा मेंदूचा रोग असल्याचे १९७८ साली ओळखले गेले. १९८१ साली तो रानातील एल्कमध्ये आढळला. २००२ साली विस्कॉन्सिनपर्यंत पोहोचला, आणि आज तीसहून अधिक राज्यांत त्याचा आढळ आहे. ‘प्रायॉन’ नावाचे विकृत प्रथिन हे त्याचे कारण. ते लाळ, मूत्र व विष्ठा ह्यांतून बाहेर पडते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते. ह्या रोगावर औषध नाही. माणसाला त्याची बाधा झाल्याचे अद्याप सिद्ध झालेले नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. रानात हरणे विखरून चरतात. नळाच्या एकाच तोंडाशी मात्र दहा तोंडे लागतात, आणि एकाची लाळ दुसऱ्याच्या घासात जाते.

तिसरी गोष्ट यजमानाच्या स्वतःच्या घराची. कनेक्टिकट राज्यातील लाइम ह्या गावी १९७५ च्या सुमारास सांधेदुखीचा एक चमत्कारिक प्रादुर्भाव झाला आणि त्यावरून एका रोगाला त्या गावाचे नाव मिळाले. तो गोचिडांमुळे पसरतो, आणि त्या जातीच्या प्रौढ गोचिडा मुख्यतः हरणांच्या अंगावर पोसतात. मुले जेथे खेळतात तेथेच हरणांचा मेळा भरविणे शहाणपणाचे नव्हे. न्यूयॉर्क राज्यात तर हरणांना खाद्य घालण्यास कायद्यानेच मनाई आहे. इतर राज्यांचे व गावांचे नियम निरनिराळे असल्यामुळे त्यांची आधी चौकशी करावी.

मग पाहुण्याला विन्मुख पाठवावयाचे काय? मुळीच नाही. हरणासाठी खरे खाद्यपात्र म्हणजे झाड. अंगणाच्या कडेला, रस्त्यापासून दूर, तेथलाच देशी ओक लावावा. त्याजवळ रानसफरचंद किंवा पर्सिमन लावावे. ओकची फळे जमिनीवर विखरून पडतात, ऋतूप्रमाणे पडतात, आणि हरणाच्या पोटाला ती परिचित असतात. मात्र कोवळे रोप पहिल्याच वर्षी पाहुण्याच्या पोटात जाऊ नये म्हणून त्याभोवती पाच फूट उंचीची तारेची जाळी काही वर्षे ठेवावी. ह्या झाडाचे दुसरे दान त्याहून मोठे आहे. डेलावेअर विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलॅमी ह्यांनी दाखवून दिले आहे की, ओकवर पाचशेहून अधिक जातींचे सुरवंट पोसतात. आणि चिकडी नावाच्या इवल्याशा पक्ष्याला एका वेळची पिले वाढविण्यास सहा ते नऊ हजार सुरवंट लागतात. एवढी शिधासामग्री कोणत्या पेटीत मावणार?

तरीही ज्यांचे हात काही घडविण्यासाठी शिवशिवत असतील, त्यांनी पाखरांसाठी एक परडी करावी. देवदारी लाकडाच्या पाऊण इंच जाडीच्या व दोन इंच रुंदीच्या चार पट्ट्या घ्याव्या. दोन बारा इंच लांबीच्या, दोन नऊ इंचांच्या. त्यांची चौकट करून तळाला बारीक छिद्रांची धातूची जाळी ठोकावी, म्हणजे पाणी निथळून जाते व दाणे कुजत नाहीत. आतून रंग अगर रोगण लावू नये. चार कोपऱ्यांना आकडे बसवून ही परडी आठ फूट उंचीच्या खांबावर कप्पी व दोरीने चढवावी. तेथवर हरणाचे तोंड सहसा पोहोचत नाही. खारींसाठी खांबाला पाच फुटांवर पत्र्याचा उपडा शंकू बसवावा. परडीत सूर्यफुलाच्या काळ्या बिया, त्याही एका दिवसात संपतील एवढ्याच घालाव्या. काचेवर आपटून पक्षी मरतात, म्हणून परडी खिडकीपासून तीन फुटांच्या आत तरी असावी, नाहीतर तीस फुटांच्या पलीकडे. दर पंधरवड्यास तिला घासून, एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी ह्यांनी धुऊन पूर्ण वाळवावी. २०२१ साली पाइन सिस्किन ह्या पक्ष्यांत साल्मोनेलाची साथ आली, आणि ती पक्ष्यांवरून माणसांपर्यंतही पोहोचली. एवढा दाखला ह्या पथ्यासाठी पुरे आहे. जेथे अस्वलांचा वावर असतो तेथे ती शीतनिद्रेत असतील तेवढाच हिवाळा परडी टांगावी.

आणखी एक सूचना. मे-जून महिन्यांत गवतात एकटेच निपचित बसलेले पाडस दिसते. ते पोरके झाले असे समजून त्याला उचलू नये अगर दूध पाजू नये. आई बहुधा जवळच चरत असते आणि वेळेवर परत येते. पाडसाने हलू नये हेच त्याचे संरक्षण असते.

१९०० सालाच्या सुमारास बेसुमार शिकारीमुळे अमेरिकेत ही हरणे जेमतेम पाच लाखांपर्यंत उरली होती. आज ती सुमारे तीन कोटी आहेत. ही वाढ कोणी मका घातल्याने झालेली नाही. शिकारीला कायद्याचा आळा बसला आणि रान पुन्हा वाढले, म्हणून ती झाली. आपल्या घरी पाहुणा आला की त्याला काय चालते, काय सोसत नाही, हे आपण आधी विचारतो. हरणाला ते सांगता येत नाही. म्हणून त्याचे पथ्य यजमानानेच जाणून घ्यावयाचे असते. परडी एका रविवारी तयार होते. ओकला पहिले फळ धरावयास वीस वर्षेही लागतात, तेव्हा तो आधी लावावा.