घरच्या घरी चेंडू



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानासाठी आम्ही चेंडूचा विषय सुचविला, तेव्हा कार्यवाहांच्या मुद्रेवर काळजीची छटा उमटली होती. विषय पोरखेळाचा आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पोरांचा खेळ हा पोरांच्या दृष्टीने पोरखेळ नसतो, ही गोष्ट आम्ही याच शहरात, काहीशा उशिरा शिकलो.

बदली होऊन आम्ही चेन्नईस आलो, तेव्हा चिरंजीव नऊ वर्षांचे होते. तमिळचे एक अक्षर ठाऊक नाही. म्हणून मुलगा वसाहतीतल्या मुलांत मिसळत नाही, असा आम्ही तर्क केला आणि भाषेची शिकवणी लावली. एके सायंकाळी गच्चीतून पाहतो तो खाली खेळ रंगलेला. चेंडू उंच उडाला, मुले ‘पिडि, पिडि’ म्हणून ओरडली. ‘पिडि’ म्हणजे ‘पकड’. तो शब्द आमच्या मुलाला केव्हाच कळला होता. हात पुढे करून तो उभाही राहिला. पण चेंडू जवळ येताच त्याने डोळे मिटले, मान वळविली आणि चेंडू छातीवर आपटून खाली पडला. मुले हसली. ते क्षम्य होते. वरून आम्हीही हसलो, आणि त्याने वर पाहिले. पुढे आठवडाभर तो खाली उतरला नाही.

त्या आठवड्यात आम्हांस उमगले, की झेल घेणे हे रक्तात असावे लागते हा आमचा समज निव्वळ आळसाचा होता. ती शिकण्याची गोष्ट आहे. डोळे मिटणारे मूल भित्रे नसते. चेंडू त्याच्या मानाने फार वेगाने आणि फार कठीण येत असतो. म्हणून आरंभ फुग्याने करावा. फुगा सावकाश उतरतो, नजरेला त्याच्यामागे जाण्यास अवसर मिळतो. त्यानंतर जुन्या पायमोज्यांचा, आमच्या लहानपणी असे तसा चिंध्यांचा, चेंडू घ्यावा. तो लागत नाही, दूर घरंगळत नाही, आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार घेऊन वर येत नाहीत. कत्तिरीच्या उन्हात मे महिन्यात, किंवा ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात, मुले घरात कोंडली जातात तेव्हा या चेंडूसारखा सोबती नाही.

प्रथम दोन हातांच्या अंतरावरून, खालून, अलगद टाकावा. चेंडू हाताला लागताच हात किंचित मागे, पोटाशी घ्यावयाचे. झेल सुटतात ते बहुधा हात ताठ राहिल्याने. मग स्वतःच वर उडवून झेलणे. मग मध्ये एक टाळी, दोन टाळ्या. पुढे रबरी चेंडू भिंतीवर मारून एका टप्प्यावर धरणे, पुढे टप्प्याविना. डाव्या हाताला विसरू नये. बादलीत चेंडू टाकण्याची पैज लावावी आणि प्रत्येक यशानंतर एक पाऊल मागे सरकावे. रोज दहा मिनिटे पुरेत. मूल कंटाळण्यापूर्वी थांबणे अधिक महत्त्वाचे. आणि सुटलेल्या झेलावर भाष्य करू नये. तो धडा आमच्या वाट्याला महागात आला आहे.

ऑस्ट्रेलियातील बाउरल गावी डॉन ब्रॅडमन लहानपणी पाण्याच्या टाकीच्या विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू मारीत आणि उसळून आलेला तो चेंडू एका स्टंपने टोलवीत. आपल्या सुनील गावसकरांना मुंबईच्या घरातील चिंचोळ्या गॅलरीत प्रत्यक्ष मातोश्री चेंडू टाकीत. एकदा तो त्यांच्याच नाकावर बसला! त्याच गावसकरांनी 1983 च्या डिसेंबरात, येथल्या चेपॉकवर, नाबाद 236 धावा काढून तिसावे शतक पुरे केले आणि ब्रॅडमनच्या एकोणतीस शतकांना मागे टाकले. प्रत्येक गॅलरीतून गावसकर निघत नाही, हे उघड आहे. आमच्या गॅलरीतून निघाला नाही.

भगिनीवर्गाने हा विषय पुरुषांचा समजू नये. कांचीच्या पल्लवांच्या काळातील दंडी कवीने ‘दशकुमारचरिता’त राजकन्या कंदुकावतीची चेंडूक्रीडा मोठ्या रसिकतेने वर्णिली आहे, कांची येथून दोन तासांवर. आपल्या आज्यांचे सागरगोटे येथे ‘अंजांगल’ नावाने मुली खेळतात आणि लगोरीला ‘एळु कल्लु’, म्हणजे सात दगड, म्हणतात. तमिळमध्ये पुष्पगुच्छाला ‘पूचेंडू’ म्हणतात, हे ऐकून आमच्या सौभाग्यवती फार प्रसन्न झाल्या होत्या.

आमच्या घरी झेल मोजण्याचे काम आजीकडे होते. एक, दोन, तीन असे मराठीत. साधारण तीन महिन्यांनी चिरंजीव खालून धापा टाकीत आले. एका हाताने, एका टप्प्यावर झेल घेऊन वसाहतीतल्या सर्वांत मोठ्या मुलाला त्यांनी बाद केले होते. त्यानंतर आजीने मोजावयास सुरुवात केली, की तो ‘ओण्णु, रेंडु, मूणु’ म्हणून तिच्यापुढे धावे. शिकवणी आम्ही पुढच्याच महिन्यात बंद केली.

मागील मेजावर पायमोज्यांचे पंचवीस-तीस चेंडू ठेवले आहेत. मोजे धुतलेले आहेत, अशी सौभाग्यवतींची ग्वाही आहे. जाताना प्रत्येक मुलाने एक न्यावा. आणि कार्यवाहांची हरकत नसेल, तर खुर्च्या हलवून येथेच आरंभ करू.