पिंपरीचे नाव असलेला जीव
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ही शास्त्रावर काय बोलणार, असे कुणाला वाटले तर मला राग नाही. पण विषय आपल्या गावचा आहे, आणि थोडा माझ्या घरचाही.

1974 साली आमचे यजमान दोन महिन्यांचे होते. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर चढला आणि दूध ओढीनात. सासूबाईंचे पहिले मूल हातचे गेलेले. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. डॉक्टरांनी पिवळसर औषध बोटाने तोंडात फिरवायला दिले. मामंजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये कामाला. बाटली पाहून म्हणाले, "अगं, हे तर आपल्या पिंपरीचंच!"

त्या औषधाचे नाव हॅमायसिन. 1954 साली स्थापन झालेल्या या कारखान्यात पेनिसिलीन होत असे, हे पुष्कळांना ठाऊक आहे. हे दुसरे फारसे कुणी सांगत नाही. तेथील संशोधनाचे प्रमुख डॉ. एम. जे. तिरुमलाचार मूळचे कर्नाटकातले, अभ्यास पिकांवरच्या तांबेऱ्याचा. बुरशीच्या खोडी ज्याने जन्मभर पाहिल्या, त्यालाच तिचा इलाज सुचायचा! 1961 च्या सुमारास त्यांनी व सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून हे औषध मिळवले. त्या जीवाचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पुढे पिकांवरील बुरशीसाठी ऑरिओफंजिनही तेथेच निघाले.

औषध करते काय, ते माझ्या मुलीने वहीत चित्र काढून समजावले. प्रत्येक पेशीच्या आवरणात क्षारांची बारीक दारे असतात. सोडियम, पोटॅशियम यांनी केव्हा यावे-जावे, ते ही दारे उघडून-मिटून ठरवतात. अशा एकेका दारातून जाणारी वीज मोजली म्हणून नेहेर आणि साकमान या जर्मन शास्त्रज्ञांना 1991 चे नोबेल मिळाले. हॅमायसिनच्या जातीची औषधे बुरशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या द्रव्याला चिकटतात आणि आवरणाला भोके पाडतात. हे दार कडीशिवायचे! आतले पोटॅशियम वाहून जाते, बुरशी मरते. आपल्या पेशींत एर्गोस्टेरॉल नसून कोलेस्टेरॉल असते, म्हणून आपण बचावतो. पण दोन्ही द्रव्ये एकमेकांची चुलत भावंडेच, त्यामुळे ही औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यायची.

हे सारे मी सासूबाईंना सांगितले. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भोकं पाडली की काय केलं, मला नाही ठाऊक. चौथ्या दिवशी त्यानं दूध ओढलं, एवढं मी पाहिलंय."