मृत्युपत्रात दानाची एक ओळ



मृत्युपत्र म्हणजे बंगलेवाल्यांचं काम, असं आपल्या लोकांना वाटतं. तसं नाही. एक खोली नि बँकेत चार पैसे असले तरी कागद हवाच. त्या कागदात दानाचीही एक ओळ असावी, असं आमचं म्हणणं आहे. आम्ही ती आजारी, थकलेल्या घोड्यांसाठी लिहिली.

घरी पोरं म्हणाली, "माणसं उपाशी असताना घोडे कशाला?" प्रश्न रास्त आहे. पण घोडा आपल्याला परका नाही. सिद्धार्थाने गृहत्याग केला तो कंथकावर बसून. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांबरोबर जनावरांच्याही औषधोपचाराची सोय कोरून ठेवली. आणि घोड्यावर बसला म्हणून आपल्या नवरदेवाला किती गावांत अडवलं गेलं! ज्याच्या पाठीवर बसून आपण मान मागितला, ते जनावर थकल्यावर रस्त्यावर सोडायचं का?

परळचं बैलघोडा हॉस्पिटल आपण सगळे ओळखतो. ते पेटिट या गिरणीमालकाच्या दानातून उभं राहिलं. मग गिरणी कामगाराने ५०० रुपये ठेवले तर बिघडलं काय?

आधी बायकामुलांचं बघा, मग ऐपतीप्रमाणे लिहा. संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता, रक्कम स्पष्ट असावी. दोन साक्षीदारांसमोर सही करून त्यांच्याही सह्या घ्या. स्टॅम्पपेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. हयातीत मजकूर केव्हाही बदलता येतो. कागद कुठे ठेवलाय, ते मात्र घरच्यांना सांगा.

पहिलं शील आपण रोज म्हणतो. आपल्या पश्चातही ते पाळलं जावं, एवढीच इच्छा.

जयभीम! नमो बुद्धाय!