गुडघ्यातले वंगण

तुळजापूरला भवानीआईच्या दर्शनाला पायऱ्या उतरताना हात आधार शोधू लागला, की समजावे, गुडघा कुरकुरू लागला. मग कुणी सांगते, “जेलची सुई घ्या, गुडघा नवा होतो.” नवा कसचा होतोय!

सांध्यात मुळातच एक चिकट पाणी असते. त्याला चिकटपणा देणारे हायल्युरॉनिक आम्ल मायर व पामर यांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातून वेगळे काढले. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातूनही मिळू लागले. तेच सुईने गुडघ्यात सोडतात. झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही. २०२२ साली वीस हजारांवर रुग्णांच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा खोट्या सुईपेक्षा आराम अगदी थोडाच अधिक दिसला. तेव्हा सोयाबीनच्या पट्टीचे पैसे त्यात घालण्याआधी डॉक्टरांना नीट विचारा.

फुकटचा उपाय असा: खुर्चीवर बसून पाय समोर ताठ करावा, दहा मोजावेत, सावकाश खाली घ्यावा. रोज करावे, कंटाळू नये. अंगाचा भार कमी झाला तर गुडघ्याचाही होतो. मात्र गुडघा एकाएकी लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर व्यायाम नको, लेपही नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा.