सिगार : पान आणि पट्टी

उंची सिगारला मोजलेला पैसा तंबाखूच्या पानाला जातो कीं कागदी पट्टीवरील नांवाला? क्यूबाची 'कोहिबा' पाहा. १९६६ सालीं ती निघाली राज्यकर्त्यांसाठीं व परदेशी पाहुण्यांना भेट देण्यासाठीं; सामान्य गिऱ्हाइकास ती १९८२ पासून मिळूं लागली. तिच्या आंतील कांहीं पानें लांकडी पिंपांत तिसऱ्यांदा आंबवितात, त्यामुळें उग्रपणा उतरतो. एवढा खर्च खरा. परंतु २०२२ सालीं हाँगकाँगचा चढा भाव प्रमाण धरून ती सर्वत्र महाग करण्यांत आली, तो चढ पानाचा नव्हे.

क्यूबा सोडलेल्या पाद्रोन यांनीं १९६४ सालीं मायामींत धंदा मांडला. निकाराग्वाच्या तंबाखूची त्यांची साधी सिगार कोहिबाच्या किंमतीच्या लहानशा अंशांत मिळते. दोहोंची पारख पट्टी काढूनच करावी. धूर मोकळा येतो का, जळण चहूंकडून सारखें चालतें का, हें आधीं पाहावें. घट्ट वळलेली सिगार कितीही महाग असली तरी धूर देत नाहीं. खरी परीक्षा शेवटच्या तृतीयांशांत, कडवटपणा तेथेंच उघडा पडतो. (डॉक्टरांच्या लेखीं दोन्ही सारख्याच घातक.) भेट द्यावयाची असेल तर कोहिबाच्या पट्टीस मोल आहे, स्वतः ओढणारानें पाद्रोन घ्यावी.