पडद्यावरचा गुरू आणि घरातला खांब



‘पोल डान्स’ हा शब्द उच्चारला की मध्यमवर्गीय घरात भुवया उंचावतात. त्याची पाश्चात्त्य ख्याती नाइट क्लबमधली, हे खरेच. परंतु २००९ मध्ये या प्रकाराचा आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघ स्थापन झाला आणि २०१२ पासून जागतिक स्पर्धाही भरू लागल्या. देहाचा सारा भार हातांवर पेलणे किती खडतर असते, हे मल्लखांबाच्या भूमीला वेगळे सांगायला नको.

तोकड्या कपड्यांचेही कारण आहे. मल्लखांबाला एरंडेल चोळतात. पोलादी खांबावर मात्र पकड उघड्या त्वचेची, तेथे तेलाचा थेंबही घातक.

खरी काळजी गुरूची आहे. २०२० च्या टाळेबंदीत अनेकींनी घरातच खांब बसवून पडद्यावरून धडे घेतले. पडदा कसरत दाखवतो. निसटता हात धरत नाही, चुकलेला खांदा सावरत नाही.

तेव्हा घरातील मुलीने हा व्यायाम शिकायचे म्हटले, तर तिला अडवू नये. खांब पक्का आहे ना, खाली जाड गादी आहे ना, हे पाहावे. पहिले धडे तिने जाणत्या शिक्षिकेसमोरच गिरवावेत. चढण्याआधी उतरणे शिकावे. पडद्याची सोबत त्यानंतरची.