मुक्या यंत्राची साक्ष
(पाथर्डी येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



पाथर्डी हा अवर्षणप्रवण तालुका. येथे टाकी भरून पाणी वाहून गेले, तर त्याचा हिशेब गाव मागणारच. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने पाण्याची पातळी पाहून पंप बंद करणारे छोटे यंत्र तयार केले. त्यातील नियंत्रकाला ना पडदा, ना कळफलक. आत काय चालले आहे, हे त्याने सांगावे कसे? यास्तव आज्ञावलीत जागोजागी छपाईच्या ओळी घालतात. तारेवरून त्या शेजारच्या संगणकावर उमटतात.

चाचणी संपली की या ओळी काढाव्या लागतात. हाताने काढताना एखादी राहून जाते, एखादी नको ती जाते. सी भाषेत यावर मॅक्रोची सोय आहे. ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविली व १९७३ साली युनिक्स प्रणालीचा गाभा तीत नव्याने लिहिला गेला. मॅक्रो म्हणजे संकलनापूर्वी होणारी शब्दांची अदलाबदल. ठरलेले नाव दिसेल तेथे छपाईची पूर्ण आज्ञा बसते, सोबत फाइलचे नाव व ओळीचा क्रमांकही. एका ठिकाणची व्याख्या बदलली की साऱ्या ओळी गप्प होतात.

धोका नेमका येथेच आहे. पातळी वाचण्याचे कामच विद्यार्थ्याने छपाईच्या कंसात लिहिले, तर चाचणीत यंत्र बिनचूक चालेल. मॅक्रो रिकामा होताच छपाईबरोबर वाचनही जाईल, पंप जुन्याच आकड्यावर चालू राहील आणि टाकी रात्रभर वाहील. म्हणून पातळी आधी वाचून ठेवावी, मग तोच आकडा छापावा. मॅक्रो रिकामा ठेवण्याऐवजी त्यात कधीच खरी न होणारी अट घालणे अधिक चांगले. मग ओळ चालत नाही, पण संकलक तिच्यातील चुका तपासतो. लिनक्सच्या गाभ्यातही ही युक्ती आढळते. वाचन मात्र तिनेही वाचत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने ४८ अक्षरांची ओळ जाण्यास सेकंदाचा विसावा भाग लागतो. माणसाला हे क्षुल्लक, नियंत्रकाला फार. कधी तर ओळ घातल्यानेच दोष दिसेनासा होतो! तातडीच्या कामात फक्त आकडा नोंदवून ठेवावा, छपाई सवडीने करावी.

शिक्षकांनी प्रकल्प तपासताना यंत्र दोनदा चालवून घ्यावे: एकदा छपाईसह, एकदा छपाई बंद करून. ग्रामपंचायतीनेही असे यंत्र बसविण्यापूर्वी ही दुसरी चाचणी, टाकी काठोकाठ भरेपर्यंत, समक्ष पाहावी.